खारपाणपट्ट्यातली पाण्याची वही: मुक्त अध्यापन फेलोशिपचे एक प्रकरण

पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांतून खारपाणपट्टा जातो. वर भारी काळी जमीन, खाली नदीने आणलेल्या गाळाचे जाड थर, आणि त्या थरांतले पाणी खारट. इथल्या विहिरीला पाणी लागले तरी ते पिता येईल किंवा पिकाला देता येईल याची खात्री नसते. नळयोजनेचे पाणी आठवड्यातून काही दिवस येते. बाकी दिवस हातपंप, जुनी विहीर, नाहीतर विकतचा वीस लिटरचा कॅन.

या पट्ट्यातले एक अनुदानित कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालय. दुसऱ्या वर्षाला समाजसहभाग प्रकल्प आहे, २ श्रेयांकांचा, म्हणजे ६० तासांचा. आतापर्यंत ‘पाण्याचे महत्त्व’, ‘जलप्रदूषण: कारणे व उपाय’ अशा विषयांवर स्पायरल केलेल्या फाइली जमा होत. शिक्षक तपासून सही करत, फाइली कपाटात जात आणि कपाट भरले की रद्दीत. गावातल्या एकाही विहिरीची नोंद त्यांत नसे. हा प्रकल्प बदलण्यासाठी रसायनशास्त्र, भूगोल आणि मराठी या तीन विभागांतल्या प्राध्यापकांनी एका सत्राची अंतर्गत फेलोशिप आखली. फाइलीऐवजी विद्यार्थ्यांनी गावातल्या जलस्रोतांच्या नोंदींची एक वही तयार करायची.

हे प्रकरण शिक्षकांच्या चर्चेसाठी रचलेले आहे. महाविद्यालय आणि गावे यांना नावे दिलेली नाहीत, गटांचे व तासांचे आकडे आखणीतले आहेत. अडचणी मात्र ग्रामीण महाविद्यालयात काम करणाऱ्या कुणालाही ओळखीच्या वाटतील.

मूळ कल्पना आणि इथला बदल

शाश्वत विकास उद्दिष्टांना जोडलेली मुक्त अध्यापनाची फेलोशिप अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातील माँटगोमेरी कॉलेजाने सुरू केली. पुढे कॅनडातील क्वांटलेन पॉलिटेक्निक युनिव्हर्सिटीसारख्या संस्था तिच्यात आल्या. रचना साधी आहे. वेगवेगळ्या विषयांचे प्राध्यापक एकत्र येतात, संयुक्त राष्ट्रांच्या १७ उद्दिष्टांपैकी एखादे धरून असाइनमेंट तयार करतात, आणि ती क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली (आपले काम इतरांनी कोणत्या अटींवर वापरावे हे लेखक आधीच जाहीर करतो, तो परवाना) सर्वांसाठी खुली ठेवतात. ही असाइनमेंट पुनर्वापराची असावी, ही मुख्य अट. विद्यार्थ्याने केलेले काम गुण मिळाल्यावर संपू नये. ते पुढच्या विद्यार्थ्याच्या किंवा वर्गाबाहेरच्या माणसाच्या उपयोगी पडावे. मुक्त शिक्षणाचे अमेरिकन अभ्यासक डेव्हिड वायली यांनी मुक्त साधनांचे पाच हक्क मांडले: जवळ ठेवणे, वापरणे, बदलणे, दुसऱ्या साहित्यात मिसळणे आणि वाटणे. असाइनमेंट पुनर्वापराची आहे की नाही, हे या पाचांवर तपासता येते.

आपल्याकडे ही रचना जशीच्या तशी उचलली की पहिली अडचण वेळेची येते. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास थेट अध्यापन आहे, आणि पदे कार्यभारावर मंजूर होतात. त्यामुळे फेलोशिपसाठी तास कमी करायला कुठलाच विभाग राजी होत नाही. इथे तास तसेच ठेवले. फेलोशिपचे काम प्रकल्पाच्या ६० तासांतच बसवले आणि प्राचार्यांकडून त्याचा लेखी कार्यादेश घेतला. पदोन्नतीच्या वेळी हे काम दाखवायला तोच कागद लागतो. तोंडी परवानगी तिथे चालत नाही.

दुसरी अडचण माणसांची. मराठी विभागाचे प्राध्यापक तासिका तत्त्वावर आहेत. त्यांना वर्गावर घेतलेल्या तासांचेच मानधन मिळते. शिवारात घालवलेला दिवस किंवा मजकूर तपासण्यात गेलेली संध्याकाळ हिशेबात येत नाही. आखणीच्या पहिल्या मसुद्यात लेखन-संपादनाचे सगळे १४ तास त्यांच्याच वाट्याला होते. हे अन्यायाचे आहे आणि व्यवहारालाही धरून नाही, कारण असा माणूस मधेच काम सोडतो आणि संपादन अर्धवट राहते. दुरुस्त मसुद्यात संपादनाचे तास वेळापत्रकात अधिकृत तासिका म्हणून लावले. जिथे हे होत नसेल तिथे तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्याला फेलोशिपमध्ये घेण्याआधी मानधनाची तरतूद करावी, ती नसेल तर घेऊ नये.

पाच उद्दिष्टांवरून तीन लक्ष्यांवर

सुरुवातीला प्राध्यापकांनी पाच उद्दिष्टे लिहिली: गरिबी, आरोग्य, शिक्षण, पाणी, हवामानबदल. कागदावर भारदस्त दिसले, पण त्यातून विद्यार्थ्याने सोमवारी सकाळी नेमके काय करायचे हे निघेना. मग उद्दिष्टांच्या खालच्या १६९ लक्ष्यांची यादी उघडली. तिच्यातून तीन निवडली: ६.१ (सर्वांना सुरक्षित व परवडणारे पिण्याचे पाणी), ६.ब (पाण्याच्या व्यवस्थापनात स्थानिकांचा सहभाग) आणि ४.७ (शाश्वत विकासासाठीचे ज्ञान व कौशल्य). लक्ष्याच्या पातळीवर उतरले की असाइनमेंट आपोआप आकाराला येते.

त्यानंतरचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होता, आणि बहुतेक आखण्यांमध्ये तो शेवटी विचारला जातो: हे काम दुसऱ्यांदा कोण वापरणार? ‘समाज’ हे उत्तर चालत नाही. इथे तीन वापरणारे ठरवले. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणी संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे, त्या महिला. ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी. आणि पुढच्या वर्षीची तुकडी. वहीतला प्रत्येक रकाना यांच्यापैकी कुणाच्या कामाचा आहे हे सांगता आले नाही, तर तो काढून टाकला. पाण्याचा धार्मिक संदर्भ, पाण्याविषयीच्या म्हणी, विद्यार्थ्याचे मनोगत हे रकाने असेच गेले.

वेळ कोणती धरायची

विषम सत्र सोडून दिले. पावसाळ्यात काळ्या जमिनीतले पांदण रस्ते चिखलाने बंद होतात, गाडी सोडा, चालणेही अवघड. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कपाशीची वेचणी आणि हरभऱ्याची पेरणी असते, निम्मा वर्ग शेतात. म्हणून सम सत्र घेतले आणि मोजणीच्या दोन फेऱ्या ठेवल्या: जानेवारीचा शेवटचा आठवडा आणि मार्चचा शेवटचा आठवडा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे मध्ये घेते. आपल्या नोंदी त्यांतल्या दोन महिन्यांशी जुळल्या तर पुढे तुलना करता येते.

जानेवारीचा शेवटचा आठवडाच का, याला आणखी एक कारण आहे. २६ जानेवारीला ग्रामसभा असते. तिथे विषय मांडून ठराव घेतला की विद्यार्थी गावात हक्काने फिरतात. निष्कर्ष मांडायला १ मेची ग्रामसभा सोयीची वाटते. पण तोवर विद्यापीठाची परीक्षा सुरू असते किंवा मुले घरी गेलेली असतात. म्हणून एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात ग्रामपंचायत कार्यालयात वाचन ठेवले, आणि १ मेला फक्त तक्ता लावायचा असे ठरवले.

वर्ग ४८ जणांचा, चारचे १२ गट. दोन गावांत मिळून ३६ जलस्रोत, म्हणजे गटामागे ३. ६० तासांची वाटणी अशी: परवाना व युनिकोड टंकलेखन ४, प्रयोगशाळेत मीटरचा सराव ६, दोन फेऱ्यांची मोजणी १६, घरोघरी बोलणे १०, लेखन व संपादन १४, गावातले वाचन ६, स्वतःच्या कामाचा आढावा ४.

मीटर: इथे बहुतेक प्रकल्प फसतात

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार. बाजारात मिळणारा पेनासारखा टीडीएस मीटर ते थेट मोजत नाही. तो पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि तिला एका गुणकाने गुणून आकडा दाखवतो. हा गुणक कंपनीनुसार साधारण ०.५ ते ०.७ असतो. त्यामुळे एकाच पाण्यात बुडवलेले दोन मीटर वेगळे आकडे दाखवतात आणि विद्यार्थी एक मीटर बिघडला म्हणून बाजूला ठेवतात. १४१३ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर वाहकतेच्या प्रमाणित द्रावणात ०.५ गुणकाचा मीटर ७०६ च्या आसपास दाखवेल, ०.७ गुणकाचा ९८९ च्या आसपास. दोन्ही बरोबरच आहेत. उपाय एवढाच की वहीत वाहकता लिहावी, टीडीएस नाही. वाहकता न दाखवणारा मीटर असेल तर त्याचा गुणक पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

प्रमाणित द्रावण विकत आणायची गरज नाही. पोटॅशियम क्लोराइडचे ०.०१ मोलर द्रावण २५ अंश सेल्सिअसला १४१३ मायक्रोसीमेन्स देते. त्यासाठी लिटरला ०.७४५६ ग्रॅम क्षार लागतो, आणि साध्या तराजूवर इतके बारीक वजन होत नाही. म्हणून आधी दहापट तीव्र द्रावण करावे: १०५ ते ११० अंशांवर दोन तास सुकवलेला, मग कोरड्या जागी थंड केलेला क्षार ७.४५६ ग्रॅम, ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून एक लिटर. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या तराजूवर ७.४६ घेतले तरी भागते. यातले १०० मिली घेऊन पुन्हा एक लिटर करावे. १०० मिलीच्या बाटल्यांत भरून एकेक बाटली गटाला द्यावी. शिवारात निघण्याआधी आणि परतल्यावर मीटर या द्रावणात तपासायचा. दोन वाचनांत ५ टक्क्यांहून जास्त फरक पडला तर त्या दिवसाच्या नोंदी बाद. हा नियम कडक वाटतो, पण याच्याशिवाय दोन फेऱ्यांची तुलना करता येत नाही.

तापमानाचाही भाग आहे. दर अंशाला वाहकता जवळपास २ टक्क्यांनी बदलते. स्वयंचलित तापमान सुधारणा असलेला मीटर घ्यावा, तरीही पाण्याचे तापमान लिहावे. मार्चच्या दुपारी उन्हात ठेवलेल्या बाटलीत मोजण्यात अर्थ नाही. सकाळी दहाच्या आत काम उरकायचे.

नमुना घेताना हातपंप किंवा बोअर पाच मिनिटे चालू द्यायचा, मगच बाटली भरायची. पाइपात रात्रभर साचलेले पाणी खालच्या पाण्याबद्दल काही सांगत नाही. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची. उघड्या विहिरीत बादली पृष्ठभागाच्या खाली बुडवायची. बाटलीवर फक्त सांकेतिक क्रमांक, मालकाचे नाव नाही (कारण पुढे येईल).

खारपाणपट्ट्यातली खास चूक अशी: स्वस्त मीटर १९९९ वर थांबतो. पाणी त्याहून खारट असले की काही मीटरांच्या पडद्यावर १९९९ हाच आकडा टिकून राहतो आणि विद्यार्थी तो मोजमाप म्हणून लिहितात. पाच-सहा विहिरींचा आकडा तंतोतंत सारखा आला तर हेच झाले समजावे. अशा वेळी नोंद ‘१९९९ पेक्षा जास्त’ अशीच करायची. मग एक भाग नमुना आणि नऊ भाग ऊर्ध्वपातित पाणी मिसळून पुन्हा वाचायचे आणि दहाने गुणायचे. हा अंदाज आहे. पातळ द्रावणात वाहकता थोडी जास्त भरते. वहीत त्यापुढे ‘अंदाजे’ लिहायचे.

घरोघरच्या बोलण्यात दोन प्रश्न ठेवले आणि त्यांनी मोजणीला मोठी मदत होते: या पाण्यात तुरीची डाळ शिजते का, साबणाला फेस येतो का. दोन्ही प्रश्न पाण्याच्या जडपणाचे आहेत, आणि जडपणा मीटरवर दिसत नाही. वाहकता भरपूर असूनही डाळ सहज शिजते अशी विहीर सापडू शकते, कारण तिथे सोडियमचे क्षार जास्त आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमचे कमी असतात. असे पाणी सतत दिल्यावर काळी जमीन चोपण होते, म्हणजे घट्ट होऊन तिच्यात पाणी मुरत नाही. म्हणजे स्वयंपाकाला बरे वाटणारे पाणी शेताला घातक ठरू शकते, आणि हे कळायला मीटरचा आकडा आणि बाईची माहिती दोन्ही लागतात.

आकड्याचा अर्थ सांगणे

भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात टीडीएसची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालते. तक्त्याच्या पहिल्या मसुद्यात विद्यार्थ्यांनी २००० च्या वरच्या विहिरींपुढे लाल शाईत ‘विषारी’ लिहिले. हे खोडावे लागले. टीडीएसच्या आकड्यावरून फ्लोराइड, नायट्रेट किंवा जंतू यांच्याबद्दल काहीही कळत नाही. फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा १.० आणि कमाल १.५ मिलिग्रॅम आहे, ती वेगळ्या तपासणीनेच समजते. उलट कमी टीडीएसचे गोडे पाणी जंतूंमुळे आजारी पाडू शकते. ‘विषारी’ शब्दाचा तक्ता ग्रामपंचायतीत लागला असता तर दुसऱ्याच दिवशी आरओ प्लांटच्या जाहिरातीत दिसला असता. प्रत्येक तक्त्याखाली दोन ओळी सक्तीच्या केल्या: ‘हा आकडा क्षारांचा आहे. हे पाणी पिण्यास सुरक्षित आहे की नाही हे केवळ यावरून ठरवू नये.’

परवाना वेगळा, संमती वेगळी

या टप्प्यावर प्राध्यापकांत खरा वाद झाला, आणि तो होणे योग्यच होते.

विद्यार्थ्याने लिहिलेल्या मजकुराचा कॉपीराइट विद्यार्थ्याचा असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लेखक हाच पहिला मालक आहे. नोकरीत असताना केलेल्या कामाला अपवाद आहे, पण विद्यार्थी महाविद्यालयाचा नोकर नाही. त्यामुळे प्राध्यापक त्याचे काम परस्पर खुले करू शकत नाहीत. पहिल्या आखणीत प्रवेशाच्या दिवशीच सर्वांकडून संमतीपत्र भरून घ्यायचे होते. काम झालेले नाही, परवाना म्हणजे काय माहीत नाही, आणि गुण देणारा माणूस समोर उभा. अशा सहीला संमती म्हणता येत नाही. सुधारित क्रम असा ठरला: काम पूर्ण, गुण जाहीर, आणि मग संमतीपत्र. त्यात तीन पर्याय: नावासह प्रसिद्ध करा, गटाच्या नावाने करा, प्रसिद्ध करू नका. मुलीचे नाव, गाव आणि फोटो एकत्र इंटरनेटवर जाण्याला घरून हरकत येते. दुसरा पर्याय त्यासाठी आहे, आणि तो निवडल्याचे कारण विचारायचे नाही. अठरा पूर्ण नसलेल्याच्या पत्रावर पालकाचीही सही.

परवाना कोणता? रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना ‘व्यावसायिक वापर नको’ हे कलम हवे होते. गाइड छापणारे फुकट उचलतील ही भीती. भूगोलाच्या प्राध्यापकांचा मुद्दा असा की ते कलम घातले तर विकिमीडिया कॉमन्स (विकिपीडियाच्या संस्थेचे खुल्या फाइलींचे भांडार) साहित्य घेत नाही, आणि तालुक्याच्या साप्ताहिकालाही तक्ता छापताना धास्ती वाटेल. शेवटी ‘श्रेय द्या आणि त्याच परवान्याखाली वाटा’ हा परवाना, सीसी बाय-एसए ४.०, घेतला. गाइडवाल्याने वापरले तरी त्याला नाव द्यावे लागेल आणि आपला बदललेला मजकूरही खुलाच ठेवावा लागेल. हा निर्णय बरोबर आहे. ‘बदल करू नका’ हे कलम मात्र कुणी सुचवले तरी घेऊ नये. ज्यात पुढची तुकडी दुरुस्ती करू शकत नाही ते साहित्य पुनर्वापराचे राहत नाही.

आता विहिरीच्या मालकाचे. वाहकता ४२०० आहे, ही नुसती वस्तुस्थिती. तिच्यावर कॉपीराइट नसतो, त्यामुळे क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना त्या शेतकऱ्याचे रक्षण करत नाही. शेताच्या गट क्रमांकासह आकडा जाहीर झाला तर शेत विकताना किंवा मक्त्याने देताना तो त्याच्या विरोधात वापरला जाऊ शकतो. एकदा खुला केलेला परवाना मागेही घेता येत नाही. म्हणून ग्रामसभेच्या ठरावावर न थांबता प्रत्येक खासगी विहिरीसाठी मालकाची वेगळी संमती घ्यायची, ती त्याच्या भाषेत वाचून दाखवून. खासगी विहिरींचे आकडे प्रसिद्ध वहीत शिवाराच्या चार भागांनुसार एकत्र द्यायचे. मालकाला त्याच्या विहिरीचे स्वतंत्र कार्ड द्यायचे, दोन्ही फेऱ्यांच्या वाचनांसह. सार्वजनिक हातपंप आणि नळकोंडाळे मात्र जागेसह जाहीर. ती माहिती गावाची आहे. एखाद्या भागात तीनपेक्षा कमी विहिरी असतील तर तो भाग शेजारच्या भागात मिळवायचा, नाहीतर मालक ओळखू येतो.

फॉन्ट, नकाशे आणि फाइली

तालुक्याच्या डीटीपी केंद्रात टंकलेखन आजही बरेचदा कृतिदेव या युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये होते. तो मजकूर वेबवर किंवा दुसऱ्या संगणकावर टाकला की इंग्रजी अक्षरांचा पसारा दिसतो, शोधता येत नाही, पुढच्या तुकडीला दुरुस्त करता येत नाही. रूपांतरक वापरला तरी जोडाक्षरातली ऱ्हस्व वेलांटी आणि रफार जागा सोडतात, आणि बरेच रूपांतरक हिंदीसाठी बनवलेले असल्यामुळे ‘ऱ्य’ बिघडतो. या वहीत ‘खाऱ्या’ हा शब्द जवळपास प्रत्येक पानावर आहे. सुरुवातीचे ४ तास मोबाइलवरच्या मराठी युनिकोड कळफलकावर घालवले तर पुढचे कितीतरी तास वाचतात.

गूगल मॅप्सचे स्क्रीनशॉट आणि वर्तमानपत्रातली कात्रणे काढून टाकली, कारण ती आपल्या परवान्याखाली देता येत नाहीत. नकाशा ओपनस्ट्रीटमॅपवरून श्रेय देऊन घ्यावा, किंवा विद्यार्थ्याने हाताने काढावा. हाताने काढलेल्या नकाशात पांदण, नाला, पार आणि हातपंप जास्त नीट येतात. लोकांचे बोलणे वऱ्हाडीत आहे तसेच ठेवले. ‘पानी मचूळ हाय’ याचे प्रमाण मराठीत रूपांतर करायचे नाही, एवढे मराठी विभागाने ठरवून दिले.

वही फक्त पीडीएफमध्ये ठेवू नये; लिब्रेऑफिसमध्ये उघडणारी मूळ फाइल आणि आकड्यांचा तक्ता सोबत हवा. ती कुणा प्राध्यापकाच्या वैयक्तिक ड्राइव्हवर ठेवली, आणि जूनमध्ये त्या तासिका प्राध्यापकाची नेमणूक झाली नाही, तर दुवा बंद पडतो. तीन प्रती: मूळ फाइल व तक्त्यासह ग्रंथालयाच्या संगणकावर, पीडीएफ विकिमीडिया कॉमन्सवर, आणि छापील प्रत ग्रामपंचायतीत.

गुण आणि दुसरी तुकडी

५० गुणांची वाटणी: मीटर तपासणीसह नोंदी १५, दुरुस्त्यांची नोंदवही १०, लेखन १०, श्रेयनिर्देश ५, गावात समजावून सांगणे १०. प्रसिद्ध करण्याला शून्य गुण. दुरुस्त्यांच्या नोंदवहीला १० गुण मुद्दाम आहेत. चूक दाखवली की गुण जातात अशी सवय असलेला विद्यार्थी बाद नोंद लपवतो. नोंदवलेल्या चुकीला गुण मिळाले तर १९९९ चा घोळ तो स्वतःच सांगतो.

दुसऱ्या तुकडीला तीच ३६ ठिकाणे पुन्हा मोजायला लावली तर काम पुन्हा फाइलीसारखे होते. म्हणून पहिल्या तुकडीने वहीच्या शेवटच्या पानावर उरलेली कामे लिहायची असतात: कोणत्या नोंदी ‘अंदाजे’ आहेत, कोणत्या मालकाने संमती दिली नाही, कोणता हातपंप मार्चमध्ये आटला. दुसरी तुकडी त्या यादीपासून सुरू करते, अर्ध्या ठिकाणी पुन्हा मोजते आणि उरलेल्या तासांत संच वापरणाऱ्या महिलांसोबत बसून त्यांच्या फ्लोराइड व नायट्रेटच्या नोंदी आपल्या तक्त्याशेजारी मांडते. त्या महिलांची नावे वहीच्या मुखपृष्ठावर, विद्यार्थ्यांच्या नावांबरोबर, त्यांच्या संमतीने. पूर्ण ऋतुचक्रासाठी मे आणि ऑक्टोबरच्या नोंदीही लागतात. मे मध्ये महाविद्यालय बंद, ऑक्टोबरमध्ये वेचणी. या दोन फेऱ्या त्याच महिलांकडे सोपवायच्या असतील तर त्यांच्या मानधनाची सोय ग्रामपंचायतीच्या निधीतून करता येईल का, हा प्रश्न २६ जानेवारीच्या ग्रामसभेत पहिल्याच ठरावासोबत मांडावा.